बेळगावहून जर्मनीला शिकायला जाताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जून-जुलै आला की माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. ज्युनिअर पोरांचे, त्यांच्या आयांचे, आमच्या गल्लीतल्या काकींचे, आणि ज्यांच्या पोरांना अजून एसएसएलसी, म्हणजे दहावी, पण झालेली नाही त्यांचे सुद्धा. आधी मी एकेकाला व्हॉइस मेसेज पाठवत होतो, आता दमलो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी बेळगावातल्या वडगावची, घरात पॉवरलूम, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग पीयूसी (अकरावी-बारावी), मग व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या) कॉलेजातून मेकॅनिकल, आणि आता जर्मनीत आखेनला मास्टर्सचं दुसरं वर्ष चालू आहे. रकमा आणि नियम मला माहीत आहेत तसे दिलेत, पण ते दर वर्षा-दोन वर्षानं बदलतात, अर्ज करताना परत एकदा बघून घ्या, नंतर माझ्या नावानं ओरडू नका.

तू मुलगी ना, मग "मी गेलो, मी पाठवत होतो" असं काय लिहितेस?

हे बेळगावचं कोण विचारत नाही, पण इथं माझी रूममेट पुण्याची आहे आणि पहिल्या दिवशीच तिनं मला थांबवलं. आमच्याकडं बायका असंच बोलतात बा. कन्नडात "नानु बंदे" बाईनं म्हटलं काय आणि बाप्यानं म्हटलं काय एकच, शेजारी राहून राहून आमच्या मराठीत पण तेच आलंय. पहिले दोन महिने मी तिच्यासमोर "मी आले, मी गेले" असं मुद्दाम बोलायचा प्रयत्न केला, मग एक दिवस फोडणी करताना हात भाजला आणि तोंडातून "मेलो!" निघालं, त्यानंतर सोडून दिलं. आता तीच कधी कधी "आलो की" म्हणते.

पुणं-मुंबई जवळ, तरी व्हिसाला बेंगळुरूला का जायचं?

कारण तुम्ही राहता कर्नाटकात. कर्नाटक आणि केरळ बेंगळुरूच्या जर्मन कॉन्सुलेटकडं येतं, महाराष्ट्र मुंबईकडं. म्हणजे निपाणीचा पोरगा संध्याकाळी चहाला कागलला जाऊन येतो, पण व्हिसाला त्याला रात्रभर गाडीत बसून बेंगळुरू गाठायचं, आणि चंदगडचा माणूस दर आठवड्याला बाजाराला बेळगावला येतो पण तो मुंबईला जाणार. भांडून उपयोग नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट आधी काढून ठेवा, सकाळी पोचताय, आंघोळीची सोय कुणाकडं तरी बघा, आणि फाईल उशाला घेऊन झोपा.

त्याच्याही आधी एपीएस सर्टिफिकेट लागतंय. म्हणजे तुमची डिग्री खरी आहे काय हे दिल्लीचं ऑफिस तपासतं, १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या जवळजवळ सगळ्या विद्यार्थ्यांना सक्तीचं केलंय, फी १८,००० रुपये. (१ नोव्हेंबरच बरा सापडला त्यांना, राज्योत्सव आणि काळा दिवस एकाच दिवशी, आमच्या गावात त्या दिवशी काय वातावरण असतंय ते सांगायला नको.) हे यायला आठवडे जातात, म्हणून शेवटच्या सेमिस्टरची वाट न बघता चौकशी चालू करा. माझ्या बॅचमधल्या दोघांचं ॲडमिशन आलं, एपीएस आलं नाही, वर्ष गेलं.

पासपोर्टवर "बेलगाम" आणि मार्क्सकार्डावर "बेळगावी" आहे, चालतंय काय?

चालतंय, पण समजावून सांगावं लागतंय. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. त्यामुळं आमच्या वयाच्या सगळ्यांच्या कागदावर खिचडी आहे, जन्मदाखल्यावर एक, डिग्रीवर दुसरं, आणि आधार कुणाच्या मूडवर गेलंय ते देव जाणे. तिकडच्या क्लार्कला ही दोन गावं वाटतात. मी एका कागदावर दोन ओळीत लिहून नेलं होतं की ही एकाच गावाची दोन नावं, आणि सोबत राज्य सरकारच्या नामांतराच्या आदेशाची प्रिंट. त्या बाईनं ते शांतपणे वाचलं आणि जन्मस्थान पासपोर्टप्रमाणं टाकलं, विषय संपला. इथं पासपोर्टवर जे आहे तेच खरं, म्हणून अर्ज, इन्शुरन्स, बँक सगळीकडं पासपोर्टचंच स्पेलिंग टाका, आपल्याला तोंडात बसलंय ते नको.

दुसरी गंमत वडिलांच्या नावाची. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. पासपोर्टवर वडिलांचं नाव तुमच्या नावाला चिकटलं असेल तर इथं ते तुमचंच दुसरं नाव धरतात. मला पहिलं वर्षभर लायब्ररीची पत्रं बाबांच्या नावानं यायची. बाबांना फोटो पाठवला, ते म्हणाले, बघ, मी न जाताच जर्मनीला पोचलो.

व्हीटीयूचा सीजीपीए जर्मन मार्कात कसा धरतात?

जर्मनीत १.० सगळ्यात चांगलं, ४.० म्हणजे पास, ५.० नापास. उलटं आहे, घरी सांगताना जपून, माझ्या आत्याला मी १.७ सांगितलं तर तिनं दोन दिवस कुणाशी बोलायचं बंद केलं. हिशेब असा: सगळ्यात जास्त मिळू शकतात ते मार्क वजा तुमचे मार्क, त्याला भागा सगळ्यात जास्त वजा पासिंगचे मार्क, आलेलं तीननं गुणा आणि त्यात एक मिळवा. समजा दहापैकी ८ आहेत आणि पासिंग ४ ला, तर दोन भागिले सहा, गुणिले तीन, अधिक एक, म्हणजे २.०. याला बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात. पासिंगचा आकडा कुठला धरायचा ते तुमच्या मार्क्सकार्डावर आणि त्या युनिव्हर्सिटीवर आहे, आपल्या मनानं भारी आकडा काढून खूश होऊ नका.

फी नाही म्हणतात, मग फुकटच की?

फुकट काय नाही हो काकी. सरकारी युनिव्हर्सिटीला बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही हे खरं, पण सगळीकडं नाही, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात बाहेरच्या देशातल्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं पण २०२४ पासून चालू केलीय. आखेनचा माझा कोर्स बिनफीचा, फक्त सेमिस्टरची वर्गणी, तीनशे युरोच्या आसपास, आणि त्यातच अख्ख्या जर्मनीत लोकल गाड्या आणि बस चालणारं तिकीट येतंय, म्हणजे ते पैसे वसूल होतात. फास्ट गाडीला ते चालत नाही. माझा एक मित्र चुकून चढला आणि महिन्याचं किराणा दंडात गेलं.

खरा खड्डा म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. जायच्या आधी वर्षाचे ११,९०४ युरो एका खात्यात टाकून दाखवायचे, तिथं गेल्यावर त्यातनं महिन्याला ९९२ मिळतात. पैसा तुमचाच, पण आधी उभा करावा लागतो, आणि दहा-बारा लाख एकदम उभे करायचे म्हणजे आमच्यासारख्या घरात काय होतंय ते माहीत आहे. दोन माग विकले, उरलेलं लोन. गल्लीतल्या सोसायटीकडनं जास्त व्याजानं काढू नका असं मी स्पष्ट सांगतो, सरकारी बँकेचं एज्युकेशन लोन हेलपाटे मारायला लावतंय पण परवडतंय.

महिन्याचा खर्च माझा असा: रूमला साडेतीनशेच्या वर, हेल्थ इन्शुरन्स दीडशेच्या आसपास, खाण्यापिण्याला दोनशे, फोन, आणि वर एक रेडिओ-टीव्हीचा कर आहे, घरामागं महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नसो. ते पत्र आल्यावर मला फ्रॉडच वाटला होता, फाडून टाकलं. मग दंड लावून दुसरं आलं. पत्र फाडायचं नाही. इथं पत्र म्हणजे खरंच पत्र असतं.

भाषेचं काय? जर्मन आलीच पाहिजे काय?

कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी ए-टू, बी-वन (जर्मन शिकायच्या पायऱ्या) पर्यंत करून जा. लेक्चरला लागत नाही, पण ऑफिसात, डॉक्टरकडं, घरमालकाशी, आणि पार्टटाईम कामाला लागतंय.

पण इथं मला एक सांगायचंय, कारण सीमाभागातली पोरं विनाकारण घाबरतात. "आमचं इंग्लिश कच्चं, मराठी मीडियम" असं रडगाणं मला दर आठवड्याला ऐकू येतंय. अरे बाबा, तू घरात मराठी बोलतोस, बसमध्ये कंडक्टरशी कन्नड, खडेबाजारात कापडवाल्याशी हिंदी-मराठी-कन्नड सगळं मिसळून, कॉलेजात इंग्लिश, आणि फॉर्म भरताना जी भाषा समोर येईल ती. तहसीलदार ऑफिसातला बोर्ड वाचता येत नाही म्हणून शेजारच्याला विचारायची लाज तुला कधीच गेलीय. इथं पहिल्या महिन्यात बाकीच्यांना जे अंगावर येतंय, म्हणजे सरकारी कागद आपल्या भाषेत नाही, खिडकीवरची बाई आपल्या भाषेत बोलत नाही, ते आपल्याला लहानपणापासनं रोजचंच आहे. माझी पुण्याची रूममेट पहिल्यांदा रेसिडेन्स ऑफिसातनं रडत आली होती, मी म्हटलं यात काय, आमच्याकडं उतारा काढायला गेलं की असंच असतंय.

आणि हो, क्लासमध्ये शिकवलेलं जर्मन आणि आखेनच्या म्हाताऱ्यांचं जर्मन वेगळं. त्यांची बोली आहे, ओखर प्लाट म्हणतात, मला त्यातलं एक अक्षर कळत नाही पण ते बोलताना त्यांचा चेहरा खुलतो हे कळतंय.

रूम कशी मिळते?

सगळ्यात अवघड हेच. ॲडमिशनचं पत्र यायच्या आधीच स्टुडंट हॉस्टेलच्या वेटिंग लिस्टला नाव टाका, सेमिस्टर-सेमिस्टर वाट बघावी लागते. नाहीतर वेगे, म्हणजे चार-पाच जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट, प्रत्येकाला एक खोली, किचन-बाथरूम सामाईक. यात इंटरव्ह्यू घेतात, खरंच. तुला स्वच्छता आवडते काय, रात्री किती वाजता झोपतेस, मांस शिजवलेलं चालतंय काय. लग्नाचं बघायला आल्यासारखं वाटतंय, फक्त पोहे आपल्याला मिळत नाहीत.

जाहिरातीत भाडं बघताना "काल्ट" की "वार्म" ते बघा. काल्ट म्हणजे नुसती खोली, वार्म म्हणजे पाणी, हीटिंग धरून. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढं घेता येतं. आणि रूम न बघता, चावी हातात न येता पैसे पाठवायचे नाहीत, कितीही गोड बोलला, पासपोर्टचा फोटो पाठवला तरी. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचे सहाशे युरो असेच गेले, समोरचा माणूस म्हणे परदेशात नोकरीला होता आणि चावी कुरिअरनं पाठवणार होता.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यात पत्ता नोंदवायचा, आनमेल्डुंग. त्याला घरमालकाची सही असलेला कागद लागतो. त्याशिवाय पुढचं सगळं अडतंय.

खोलीबद्दल अजून एक. थंडीत पण दिवसातनं दोन-तीनदा खिडकी सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं. आम्ही दोघी थंडी वाजते म्हणून बंद ठेवून रोज भात-आमटी शिजवायचो, जानेवारीत कोपऱ्यात काळी बुरशी आली. मालकीणबाईनं आम्हाला हवा कशी आत घ्यायची यावर अर्धा तास शिकवलं. आणि खर्डा करायला मिरच्या भाजल्या तर स्मोक अलार्म वाजतो, आमच्या मजल्यावर नऊ माणसं जिन्यात उभी होती, सगळी खोकत.

लेक्चर, परीक्षा कशा असतात? आपल्यासारखी अटेंडन्स असते काय?

नसते बहुतेक, आणि तोच सापळा आहे. व्हीटीयूत इंटर्नल, असाइनमेंट, अटेंडन्स, सर ओरडणार, म्हणून आपण आपोआप अभ्यास करतो. इथं कोण विचारत नाही. सहा महिने कॉफी पीत फिरला तरी चालतंय, शेवटी एकच पेपर आणि त्यावरच सगळं. मी पहिल्या सेमिस्टरला पाच विषय घेतले, दोनच पास झालो.

नापास झालं की "बॅक राहिला, पुढच्या वेळी काढू" असं आपलं असतंय, इथं साधारण तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा गेलं तर तो कोर्स गेला, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसऱ्या युनिव्हर्सिटीत पण करता येत नाही. म्हणून तयारी नसेल तर मुदतीच्या आत परीक्षेतनं नाव काढायचं. यात कमीपणा काय नाही, जर्मन पोरं सर्रास काढतात. नाव नोंदवायची आणि काढायची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा.

टाईमटेबलवर १० वाजता असेल आणि पुढं "सी.टी." लिहिलं असेल तर लेक्चर सव्वादहाला चालू होतं, "एस.टी." असेल तर दहाच्या ठोक्याला. आपल्या एसटीशी याचा काही संबंध नाही, उलट आहे. लेक्चर संपलं की टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर मुठीनं ठोकतात. पहिल्या दिवशी दोनशे पोरांनी एकदम ठोकलं, मला वाटलं प्रोफेसरवर चिडले.

प्रोफेसरला ईमेल करताना "रिस्पेक्टेड सर" ची चार ओळी नमनं नकोत. आडनावानं हाक, काम काय ते दोन ओळीत, खाली नाव आणि मॅट्रिक नंबर (म्हणजे युनिव्हर्सिटीनं दिलेला विद्यार्थी नंबर, दहावीचा नव्हे). उत्तर एका ओळीत येतं, ते रागावलेले नसतात.

जेवणाचं कसं? येताना काय आणायचं?

दुपारी मेन्झा, म्हणजे युनिव्हर्सिटीची खानावळ, विद्यार्थ्यांना स्वस्त, व्हेज रोज असतं. पण व्हेज म्हणजे बटाटा, पास्ता, आणि शिजवलेली ब्रोकली जिच्याकडं बघून ती आणि आपण दोघं पण उदास होतो. वर मीठ-मिरपूड टाका आणि खा.

संध्याकाळी स्वतः. तांदूळ, डाळी, हिंग, मोहरी, कणीक सगळं इंडियन नाहीतर तुर्की दुकानात मिळतंय. तुर्की दुकानातला बुलगर गहू आमच्या सांज्याला चालतो. ज्वारीचं पीठ मात्र सहज मिळत नाही, मिळालं तर जुनं असतं आणि भाकरी थापताना चिरा पडतात. आईनं व्हिडिओ कॉलवर बघून सांगितलं पाणी उकळतं घाल, तरी काही जमलं नाही, आता मी चपातीवर समाधान मानलंय.

आणायचं म्हणाल तर शेंगाची चटणी, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, प्रेशर कुकर (दोन रिंगा जास्त घ्या, इथं त्या मापाच्या मिळत नाहीत), चष्म्याची जादा जोडी, नेहमीची औषधं चिठ्ठीसकट. जाकीट तिथनं आणू नका, इथली थंडी इथल्या जाकिटानंच भागते.

कुंदा आणू नका. होय, माहीत आहे मला, बेळगावचं पोरगं निघालं की प्रत्येक नातेवाईक कुंद्याचा डबा घेऊन येतो. पण युरोपियन युनियनच्या बाहेरनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बॅगेतनं आणायला बंदी आहे, तूप, पेढा, कुंदा सगळं त्यात. कढीपत्त्याची ओली डहाळी पण नाही चालत. माझ्याबरोबर विमानात एक जण होता, त्याचे दोन डबे तिथंच कचऱ्यात गेले, बघून माझ्याच पोटात कालवलं.

रविवारी काय करतेस गं?

रविवारी दुकानं बंद. सगळी. मोठ्या स्टेशनावरचं एखादं उघडं असतं तेवढंच. शनिवारी संध्याकाळी दूध आणलं नाही तर सोमवारपर्यंत काळा चहा. रविवारी व्हॅक्युम क्लीनर लावायचा नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या पेटीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. रोज रात्री दहानंतर पण शांतता.

माझा जन्म मागाच्या खटखटीत गेला. रात्री लाईट गेली आणि माग थांबले की आम्ही सगळी जागी व्हायचो, एवढी त्या आवाजाची सवय. इथं पहिले तीन आठवडे मला झोपच येत नव्हती, कानात नुसतं शून्य. शेवटी बाबांनी एक तासाचं मागाचं रेकॉर्डिंग पाठवलं, ते हेडफोनवर लावून झोपायचो. पुण्याच्या बाईसाहेबांना हे अजून खरं वाटत नाही.

आखेनला मात्र रविवारचा एक उपाय आहे, तो पुढच्या प्रश्नात.

तुझ्या गावाला पण सीमा आहे म्हणे? तिकडं पण आपल्यासारखं चालतंय काय?

आहे की. इथनं सिटी बस नेदरलँड्सच्या वाल्स गावात जाते, वीस-पंचवीस मिनिटात परदेश. पहिल्यांदा मी पासपोर्ट हातात धरून बसलो होतो, कोण तपासायला येतंय म्हणून, तर शेजारची म्हातारी कांद्याची पिशवी घेऊन निवांत. दुकानावरच्या पाट्यांची भाषा बदलली म्हणून कळलं की सीमा गेली. तिकडं रविवारी सुपरमार्केट उघडं असतं, त्यामुळं रविवारी अर्धं आखेन तिथं दूध-ब्रेड घेताना भेटतंय. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर परत तपासणी चालू केलीय, म्हणून पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड जवळ ठेवा, बस कधी कधी थांबवतात. आणि भाडं कमी दिसतंय म्हणून वाल्सला खोली घेऊ नका. युरोपियन पोरं राहतात, पण आपल्या जर्मन परमिटवर नेदरलँड्समध्ये राहता येत नाही.

वाल्सच्या वर टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम असे तीन देश एका दगडापाशी मिळतात. ३२२ मीटर उंच, युरोपातल्या नेदरलँड्सचा सगळ्यात उंच पॉईंट म्हणून लोक कौतुकानं फोटो काढतात. आमचं बेळगाव शहरच त्याच्या दुप्पट उंचीवर बसलंय, येळ्ळूरचा गड तर राहूच दे. त्याच दगडाजवळ पूर्वी चौथा तुकडा पण होता, जस्ताची खाण कुणाला द्यायची यावर १८१६ मध्ये एकमत झालं नाही म्हणून कुणालाच न दिलेला, मोरेस्नेट नावाचा. १९२० पर्यंत तो तसाच लोंबकळत होता.

पण मला सगळ्यात लागलं ते ऑयपेन. बेल्जियममध्ये आहे, बसनं जाता येतं, आणि तिथली माणसं जर्मन बोलतात. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, व्हर्सायच्या तहानं तो भाग जर्मनीकडनं बेल्जियमला गेला. आज जर्मन ही बेल्जियमची तिसरी अधिकृत भाषा आहे, त्या जर्मन बोलणाऱ्यांची स्वतःची पार्लमेंट ऑयपेनमध्ये आहे, शाळा जर्मन, ऑफिसातले कागद जर्मन. मी ती पार्लमेंटची पाटी बघत किती वेळ उभा राहिलो मलाच माहीत नाही. आमच्याकडं १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलं, आमच्या आज्जाचं अख्खं आयुष्य त्या एका वाक्यात गेलं, आणि इथं त्याच दुखण्यावर दुसऱ्यांनी काहीतरी औषध काढलेलं. ते पण आपोआप झालेलं नाही, मधे दुसऱ्या महायुद्धात हिटलरनं तो भाग परत जर्मनीला जोडला होता, माणसांचे हाल झाले, अधिकार पुढं हळूहळू मिळत गेले. तरी पण.

तिथल्या एका बेकरीत मी म्हातारीला विचारलं, तुम्ही स्वतःला जर्मन म्हणता की बेल्जियन. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, पिशवी हवी काय. मला लगेच कळलं, पुण्यात कुणी "म्हणजे तुम्ही कानडी ना" असं विचारलं की आम्ही पण असंच तोंड करतो.

काम करता येतंय काय?

येतंय. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, मार्च २०२४ पासून हे वाढवलंय, आधी १२० होते. सगळ्यात चांगलं काम हीवी, म्हणजे प्रोफेसरच्या लॅबमध्ये असिस्टंट, अभ्यास पण होतो. नाहीतर गोडाऊन, हॉटेल, सुपरमार्केट. कमीत कमी मजुरी २०२६ पासून तासाला १३.९० युरो. पण पहिल्या सेमिस्टरला काम धरू नका. आणि ब्लॉक्ड अकाउंट संपल्यावर कामावर भागेल हे गणित मांडून येऊ नका, परीक्षेच्या दोन महिन्यांत काम होत नाही.

बाटल्या गोळा करून पैसे मिळतात हे खरं काय, असं तिघांनी विचारलंय. प्लास्टिकच्या बाटलीला २५ सेंट, ते आपणच बाटली घेताना आधी भरलेले असतात, मशीनमध्ये टाकली की परत. श्रीमंत होत नाही.

आजारी पडलं तर?

इन्शुरन्स कार्ड दाखवायचं, पैसे द्यावे लागत नाहीत. पण डॉक्टर सर्दी-तापाला गोळी देत नाहीत, चहा प्या म्हणतात, झोपा म्हणतात. आपल्या डॉक्टरसारखं एक इंजेक्शन ठोकून मोकळं नाही. रात्री-रविवारी डॉक्टर पाहिजे असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

गणपतीला, शिवजयंतीला काय करतेस? एकटं वाटत नाही?

वाटतंय. खोटं कशाला सांगू. इथं वेळ साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार. विसर्जनाच्या रात्री बेळगावात मिरवणूक पहाटेपर्यंत चालते, कपिलेश्वर तलावाकडं सगळी गर्दी, भाऊ फोन हातात धरून लाईव्ह दाखवत असतो, आणि माझ्याकडं अजून दहा पण वाजलेले नसतात, खाली सगळी शांत, आणि मी आवाज बारीक करून ढोल ऐकतोय.

फेब्रुवारीत कधीतरी इथं कार्निव्हल असतं. रोझनमोंटागला, म्हणजे कार्निव्हलच्या सोमवारी, मोठी मिरवणूक, सजवलेल्या गाड्या, बँड, गाडीवरनं गोळ्या-चॉकलेट उधळतात, आणि सगळे "ओखे आलाफ" म्हणून ओरडतात. एरवी रविवारी बाटली टाकू न देणारी हीच माणसं. मी कोपऱ्यावर उभा राहून ते चित्ररथ बघितले, शिवजयंतीचे रथ बघायला आम्ही जसं कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवर जागा धरायचो तसं, आणि शेजारच्या आजीनं माझी पिशवी रिकामी बघून स्वतःची मूठभर चॉकलेटं माझ्यात टाकली.

नोव्हेंबर मात्र जपा. साडेचार-पाचला अंधार, आखेनला पाऊस तर पाचवीला पुजलेला. बेळगावच्या पावसाची सवय असली तरी हा वेगळा, जोरात पडत नाही आणि थांबत पण नाही. त्या दिवसात खोलीत बसून राहू नका, लायब्ररीत जाऊन बसा, माणसं दिसतात. फारच वाटलं तर युनिव्हर्सिटीत समुपदेशन फुकट मिळतंय, मी दोनदा गेलो, घरी सांगितलं नव्हतं, आता हे वाचून कळेल.

येताना तुझ्यासाठी काय आणू?

शेंगाची चटणी, अर्धा किलो, दोन पिशव्यात गुंडाळून. शहापूरच्या दुकानातली नको, आईकडनं घ्या, ती देईल. कुंदा नको, वर सांगितलंय. दारावर पाच घंटा आहेत, माझी खालनं दुसरी, त्यावर अजून बाबांचंच नाव आहे. आणि दहाच्या आत या.